एकोणतीस हजार रिकाम्या ओळी

दुपारी सव्वादोनच्या सुमाराला रिकाम्या ओळींच्या यादीत तिला स्वतःचा नंबर दिसला. दोन हजार दोनशे सोळा. आधी तो नुसताच डोळ्यांखालून गेला, बोटाने यादी पुढे सरकवली, आणि चार पडदे खाली गेल्यावर ते बोट थांबलं. ती परत वर आली. हो, तोच. शेजारी नाव नव्हतं, या टेबलात नावं ठेवलेलीच नव्हती. पण हा आकडा ती विसरणं शक्य नव्हतं, कारण नऊ वर्षांपूर्वी सगळ्या सभासदांना नंबर वाटणारा कोड तिनेच लिहिला होता आणि आपल्या वाट्याला कुठला आला हे चोरून पाहिलंही होतं. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या त्या साइटवर ती स्वतः म्हणून एकदाही गेली नव्हती. जायची ती कामासाठी, कामाच्या वेगळ्या नावाने, खोटी माणसं तयार करून त्यांना खोटी गावं द्यायला. सुताराच्या घरची खुर्ची मोडकी, म्हणतात ना, तसलंच. आपली माहिती तिने कधी भरली नव्हती, आपलं पान कधी उघडलं नव्हतं. मग ही ओळ आली कुठून?

तशी ती सकाळपासूनच रंगात होती. तिची कंपनी सोळा शाळांच्या, त्यांत तिच्याही शाळेच्या, माजी विद्यार्थ्यांची यादी सांभाळत असे. बावन्न हजार सभासद. प्रत्येकाची एक ओळ मुख्य टेबलात: नंबर, नाव, शाळा, शाळा सोडल्याचं वर्ष. ही माहिती शाळांनीच दिलेली आणि सक्तीची. दुसरं टेबल ऐच्छिक गोष्टींचं: फोटो, गाव, फोन, स्वतःविषयी चार शब्द. द्यायचं तर द्या, नाहीतर राहिलं. ज्याने काही दिलं त्याचीच ओळ या दुसऱ्या टेबलात असणार, इतकी साधी गोष्ट. महिन्याच्या अहवालात आकडा यायचा की त्र्याहत्तर टक्के लोकांनी माहिती दिली आहे, आणि सगळे खूश. मग काल एका शाळेच्या चिटणीसबाईंनी हौसेने पन्नास पानं उघडून पाहिली, तर चाळिसांवर 'माहिती दिलेली नाही' एवढंच. त्यांनी साहेबांना फोन केला. साहेबांना ऑफिसात घड्याळ म्हणत, कारण दर तासाला ते येऊन "किती वेळ लागेल?" असा टोला देत. सकाळी नऊला घड्याळाचा पहिला टोला पडला आणि अकराच्या आत तिने चोर पकडला. पायथन या संगणकभाषेतल्या 'सभासद' नावाच्या क्लासात, म्हणजे कोडच्या एका साच्यात, एवढासा तुकडा होता. सभासदाची ओळख, म्हणजे त्याची ऐच्छिक माहिती, मागितली की दुसऱ्या टेबलात शोधायचं. सापडली तर द्यायची. नाही सापडली तर पान कोसळू नये म्हणून तिथल्या तिथे एक रिकामी ओळ तयार करायची, साठवायची, आणि ती पुढे करायची. म्हणजे माणसाने काही लिहायची गरजच नाही! कोणी त्याचं पान नुसतं उघडून पाहिलं तरी त्याच्या नंबराने ओळ तयार. चिटणीसबाईंनीही तपासता तपासता आणखी पाच-पंचवीस तयार करून ठेवल्या होत्या. ती एकटीच खो खो हसायला लागली. "हे कुठल्या महाभागाने लिहिलंय?" तिने मोठ्याने विचारलं. शेजारी तिची मैत्रीण बसायची, सगळ्यांचं काम टोचून टोचून तपासणारी, म्हणून तिचं नाव सुई. सुई मान वर न करता म्हणाली, "मूळपुरुषाने. दुसरं कोण?" जुन्या कोडचं सगळं पाप मूळपुरुषाच्या माथी मारायची ऑफिसात पद्धतच होती, तो कोण होता, कधी सोडून गेला, कोणालाच माहीत नव्हतं. तिने बदलांचा इतिहास उघडला. त्या तुकड्यापुढे तिचंच नाव होतं, नऊ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारचं. सुईने वाकून ते वाचलं आणि म्हणाली, "या, मूळपुरुष. बसा. पाणी देऊ?"

त्यानंतरचे दोन तास तर नुसती चंगळ. काय चुकलं आहे ते स्वच्छ कळलेलं, दुरुस्ती हातात आलेली, आणि बोटं डोक्याच्या पुढे धावतायत, असे दिवस वर्षातून चार-पाच मिळतात. आता ओळख नसेल तर क्लास एक तात्पुरती, कोरी ओळख पुढे करणार होता. पान नीट दिसणार होतं. आणि माणसाने खरंच एखादं अक्षर लिहिलं तरच ती टेबलात उतरणार होती. म्हणजे टेबलात ओळ असणं याचा अर्थच मुळी असा, की हा माणूस काहीतरी बोलला आहे. तिला हे इतकं आवडलं की जेवणाचा डबा अर्धा तसाच राहिला. चाचण्या एकामागून एक पास होत हिरव्या झाल्या. उरला होता जुना कचरा: अडतीस हजार ओळींपैकी एकोणतीस हजार रिकाम्या. त्या चार वाजेपर्यंत पुसायच्या, पाच वाजता खरा अहवाल पाठवायचा. पुसण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात म्हणून तिने यादी काढली होती, तर तिच्यात ही स्वतःच बसलेली.

म्हणजे कोणीतरी आपलं पान उघडलं होतं. हे लक्षात आलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिला कानशिलांपाशी ऊन लागल्यासारखं झालं. ओळीतल्या चौकटींचा पुरावा समोर होता: फोटो कोरा, गाव कोरं, फोन कोरा, चार शब्द कोरे, आणि शेवटच्या चौकटीत ओळ तयार झाल्याची तारीख आणि वेळ. ही चौकट मात्र आपोआप भरत असे. अकरा महिन्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारचे दोन वाजून तेरा मिनिटं. त्या मिनिटाला कोणीतरी कुठल्या तरी खोलीत बसून तिचं नाव शोधलं, त्यावर बोट टेकवलं, आणि 'माहिती दिलेली नाही' हे वाचलं. चव्वेचाळीस वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, सोसायटीतल्या लोकांनाही नुसत्या आडनावाने माहीत असलेल्या बाईला कोणी शोधावं? ती त्या वेळी काय करत होती? बहुतेक इथेच, याच खुर्चीत. तिला एकदम शाळेतला मधल्या सुट्टीनंतरचा तास आठवला, मान खाली घालून लिहिताना कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे मानेला कळायचं, आणि वर पाहिलं तर सगळ्या माना खाली. तसंच झालं होतं, फक्त वर पाहायला तिला अकरा महिने लागले होते. असेल कोणी ऐरागैरा, ती स्वतःला म्हणाली. विमावाला असेल, शाळेचा कारकून असेल, बोट चुकून पडलं असेल. पण मन ऐकेल तर ना. ते आधीच एका नावापाशी जाऊन उभं राहिलं होतं आणि दार वाजवत होतं.

नऊ वर्षांपूर्वी, हे टेबल आखायच्या बैठकीत, ती तावातावाने भांडली होती. शाळांना फोन नंबर सक्तीचा हवा होता. ती म्हणाली होती, माणसाला गप्प बसायचा हक्क असतो. विचारा, पण उत्तर मागू नका. तेव्हाचे साहेब हसून म्हणाले होते, बाई फार तत्त्वाच्या. ती जिंकली, आणि चारही चौकटी ऐच्छिक झाल्या. हे तत्त्व तिने घरीही पाळलं होतं, जरा जास्तच. दादाला ती काय काम करते हे नीट माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचं काहीतरी, एवढंच. कुठल्या कंपनीत, हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. तो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा. सहा वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती आणि ती सकाळी पोचते म्हणाली होती. त्या रात्री ऑफिसात साइटची नवी आवृत्ती चढवताना सगळं कोसळलं. ती थांबली. अजून एक दिवस थांबली. पोचली तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदललेली होती. दादा कॉरिडॉरमध्ये उभा होता, हातात आईचा चष्मा. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू यायलाच हवं असं थोडंच आहे? तुझ्या लेखी सगळं ऐच्छिकच." ती न बोलता परत फिरली, आणि एकदा बोललं नाही की दुसऱ्यांदा न बोलणं फार सोपं जातं. चार वर्षांपूर्वी घर बदललं, फोन नंबर बदलला. नवा नंबर त्याला कळवला नाही. त्याने कुठे विचारलाय, असं ती स्वतःला सांगत असे, आणि हा युक्तिवाद किती पोकळ आहे हे तिला रोज कळत असे.

पाहणाऱ्याचं नाव या टेबलात नव्हतं. कोणी पाहिलं याची नोंद करायचा विचारच कोणी केला नव्हता. ही ओळ मुळात चुकीचीच, चुकीकडून आणखी किती अपेक्षा करणार? तिने बाटली उघडून पाण्याचा घोट घेतला. आणि मग, झाकण हातात असतानाच, तिला ते सुचलं. इतकं लख्ख सुचलं की ती जागच्या जागी उभी राहिली. सुई म्हणाली, "काय गं, मुंगी चावली?" साइटवर पहिल्यांदा आत शिरणाऱ्या माणसाला आधी स्वतःचं पान दिसतं! म्हणजे जो कोणी तिला शोधायला आला, त्याची स्वतःची ओळ आधी तयार झाली असणार. आणि ओळींना क्रमाने आकडे पडतात. दुपारी दोनला, कामाच्या दिवशी, त्या साइटवर चिटपाखरूही नसतं. तिच्या ओळीच्या आधीची ओळ ज्याची, तोच तो. तिचा स्वतःचा जुना गाढवपणा वाटेवर पावलं उमटवून गेला होता आणि ती पावलं वाचता येणारी जगात ती एकटीच होती.

तिने हात मांड्यांवर ठेवले. हे बरोबर आहे का? नावं तर यादीत सगळ्या सभासदांना दिसतात, त्यात गुपित काही नाही. पण कोणाच्या पाठोपाठ कोण गेलं हे जोडणं, हे वेगळं. मघाशी ती सुईला सांगत होती की आपण लोकांच्या घरात डोकावत नाही, फक्त भिंती बांधतो. आता स्वतःची वेळ आली तर लगेच खिडकीशी. तिला लाज वाटली, खरोखर वाटली, आणि लाजेसकट तिने आधीच्या ओळीचा नंबर मुख्य टेबलाशी जोडला. पडद्यावर दादाचं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या हजेरीत असायचं तसं. शाळा तीच. वर्ष तिच्या आधीचं तिसरं. वेळ, दोन वाजून अकरा मिनिटं. तो आला होता, स्वतःचं कोरं पान बघून पुढे गेला होता, आणि दोन मिनिटांत तिच्यापर्यंत पोचला होता. तो आला होता! तिला उठून पूर्ण मजल्यावर धावत सुटावंसं वाटलं. टेबलावरचं सगळं एकदम फार स्वच्छ दिसायला लागलं होतं, पेनाचं टोपण, डब्यातली अर्धी पोळी, खिडकीच्या काचेवरचा बोटांचा ठसा.

मग तिने पुढच्या ओळी पाहिल्या. खरं तर थांबायला हरकत नव्हती, पण आता कोण थांबतंय. दोन सोळाला एक ओळ, तिच्याच शाळेची, तिच्याच वर्षाची: जिला दादा आगगाडी म्हणायचा, कारण ती बोलायला लागली की डबे संपत नसत. दोन अठराला खडू, उंच आणि पांढरीफटक. दोन एकवीस आणि दोन बावीस, जुळ्या बहिणी, ज्यांना तो एक आणि अकरा म्हणायचा. दोन सव्वीसला बोका, तिची डबा चोरणारी जिवाभावाची मैत्रीण. ही नावं त्याने ठेवलेली; शाळेच्या फाटकापाशी उभा राहून तो एकेकीला हाका मारायचा आणि ती लाजेने अर्धमेली व्हायची. आता तिला दिसत होतं की तो काय करत होता. तिच्या पानावर फोन नाही, म्हणून तो तिच्या मैत्रिणींची पानं उघडत होता, एकीजवळ तरी तिचा नंबर असेल म्हणून. आगगाडी, कोरी. खडू, कोरी. एक, अकरा, बोका, सगळ्या कोऱ्या. ज्यांनी माहिती भरली होती त्यांच्याकडेही तो गेला असेल, पण त्यांच्या ओळी आधीच होत्या, तिथे त्याचं पाऊल उमटलं नसणार. आणि दोन चौतीसला शेवटची. हे नाव तिला ओळखूच येईना. तिने ते दोनदा वाचलं, ओठांनी वाचलं. मग आठवलं: पाचवीत एकच वर्ष शाळेत असलेली, वडिलांच्या बदलीने आलेली आणि गेलेली, दप्तराहूनही लहान दिसणारी. मुंगी. तिला मुंगी आठवत नव्हती, आणि दादाला आठवली होती. तेवीस मिनिटं तो दुकानात बसून तिच्या लहानपणच्या एकेकीला हुडकत होता. तिला रडू आलं. ते आलं तसं तिने येऊ दिलं, आणि त्यातही मनातून ती इतकी आनंदात होती की तिला स्वतःचं नवल वाटलं.

"किती वेळ लागेल?" घड्याळ मागे उभं होतं. चाराला दहा मिनिटं कमी होती. तिने रुमालाने नाक पुसलं. "पुसायचं तेवढंच राहिलंय."

"मग अडलंय कुठे? बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे. फार बरी आहे."

"सर्दी दिसतेय," साहेब म्हणाले आणि काळजीने दोन पावलं मागे सरकले. "चारला टाका आज्ञा. बाई पाचला वाट बघणार आहेत."

ते गेले. आज्ञा तयार होती, एका ओळीची: चारही चौकटी ज्यांच्या कोऱ्या, ते सगळं पुसा. एकोणतीस हजारांत तिची एक, दादाची एक, आगगाडीपासून मुंगीपर्यंतच्या सगळ्या. त्या पुसल्या की तो आला होता याचा पुरावा संपला. ती यातून स्वतःची ओळ वाचवू शकत होती. अगदी सोपं होतं: आपल्या पानावर जायचं आणि नवा फोन नंबर भरायचा. मग ती ओळ कोरी राहणार नाही, पुसलीही जाणार नाही, आणि दादा पुन्हा कधी आला तर नंबर तिथे असेल. तिने पान उघडलंसुद्धा. फोनच्या चौकटीत पहिले चार आकडे लिहिले. आणि मग तिला स्वतःचा असा काही राग आला की कान तापले. पुन्हा कधी आला तर! म्हणजे पुन्हा त्यानेच यायचं, त्यानेच शोधायचं, आणि हिने पाटी लावून घरात बसायचं. सहा वर्षं हेच तर केलं होतं. तिने चारही आकडे खोडले, पान बंद केलं, आणि बरोबर चार वाजता आज्ञा टाकली. पडदा तीन-चार सेकंद गप्प राहिला. मग आकडा आला, एकोणतीस हजार एकशे सात ओळी पुसल्या. सुई म्हणाली, "झाडलोट झाली?" ती म्हणाली, "झाली. मी आले जरा."

जिन्यात कोणी नव्हतं. दादाच्या दुकानाचा नंबर तिला पाठ होता, दुकान उघडल्यापासूनचा. तो म्हणाला मी कुठे शोधलं, तर? पुरावा तर नुकताच स्वतःच्या हाताने पुसला होता. त्या भीतीतही एक मजा होती, उंचावरच्या फळीवरून पाण्यात उडी मारण्यापूर्वीची. चौथ्या घंटेला फोन उचलला गेला आणि आधी दुसऱ्याच कोणाला तरी म्हटलेलं ऐकू आलं, "आता खालची ओळ वाचा." मग, "हॅलो?"

"दादा, मी."

पलीकडे काहीतरी काचेचं काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. "दोन मिनिटं बसा हं, काका," तो लांबून म्हणाला. मग जवळ येऊन, "बोल."

"तू मला शोधत होतास."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मला आज दिसलं. शाळेच्या साइटवर. माझं पान उघडलंस, मग आगगाडीचं, खडूचं, जुळ्यांचं, बोक्याचं. मुंगीचंसुद्धा. दादा, मुंगी तुला कशी आठवली रे?"

"वेडी मुलगी," तो म्हणाला. "अगं, अकरा महिने झाले त्याला."

"मला आज कळलं. आज दुपारी." मग थांबली तर पुन्हा सहा वर्षं थांबेन, असं वाटून ती एका दमात म्हणाली, "त्या दिवशी मी निघायला हवं होतं. ऑफिस जळलं असतं तरी निघायला हवं होतं. हे मी तुला सांगितलं नाही कधी."

"नाही सांगितलंस." त्याचा आवाज जरा खरखरला. "मीही नको ते बोललो. जाऊ दे. काका थांबलेत."

"कशाला शोधत होतास ते तर सांग."

"तू आत्या झालीस म्हणून."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. दादाच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. वहिनीने किती डॉक्टर केले होते, आणि मग एक दिवस दोघांनी तो विषयच मिटवून टाकला होता. "काय?" ती म्हणाली, आणि पुन्हा, "काय?"

"मुलगी आहे. अकरा महिन्यांची. भिंतीला धरून उभी राहते आणि सगळ्यांचे चष्मे ओढते."

"नाव काय ठेवलंत?"

"नाही ठेवलं."

"अकरा महिने?"

"तुझ्या वहिनीने तीस नावं काढली, मी चाळीस. एकमत होईना. मग ती म्हणाली, आत्याला विचारा. आत्याचा पत्ता नाही. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा वर्षभर कोरी ठेवता येते. ठेवली तशीच." तो थांबला. "महिना उरलाय."

वरच्या मजल्यावर दार उघडलं आणि साहेबांचा आवाज आला, किती वेळ लागेल म्हणून. ती उठून उभी राहिली होती आणि तिच्या तोंडून नावं बाहेर पडायला लागली होती, एकापाठोपाठ एक, मोठ्या आवाजात, जिना घुमवत, चांगली आणि वाईट सगळी, आणि चौथ्या नावाला दादा म्हणाला, "हळू गं, जरा हळू. काकांच्या चष्म्याच्या नंबराच्या कागदावर लिहून घेतोय."